तिसऱ्या रांगेत कोण बसणार?

‘सेव्हन सीटर घ्यायची आहे, कुठली घेऊ?’ दसरा जवळ आला की वडोदऱ्यातल्या मराठी घरांत हा प्रश्न हमखास निघतो. आजी-आजोबा, नवरा-बायको आणि दोन मुलं अशी सहा माणसं घरातच असतात. गणपतीला पुण्याहून आत्या आल्या की सातवी जागाही भरते. मग शोरूममधून आणलेली माहितीपत्रकं टेबलावर पसरतात आणि तुलना सुरू होते. कुणाचं इंजिन किती ताकदीचं, कुणाचा पडदा किती इंची, कुणाच्या छताला काच आहे. यातली एकही गोष्ट तिसऱ्या रांगेबद्दल काही सांगत नाही, आणि पाच आसनी गाडीपेक्षा जास्तीचे पैसे मोजायचे ते तर त्या रांगेपायीच. म्हणून या प्रकरणात गाड्यांची तुलना मागून पुढे केली आहे.

१. आधी दिवस मोजावेत

गाडी निवडण्याआधी एक आकडा कागदावर लिहावा: गेल्या वर्षभरात घरातली पाचपेक्षा जास्त माणसं एकाच वाहनातून किती दिवस गेली? पावागढ, डाकोर, केवडियाचा पुतळा, मुंबईचं लग्न, कोल्हापूरची देवी, सगळं धरून.

हा आकडा वर्षाला दहा-बाराच्या आत असेल, तर पाच आसनी गाडी घेऊन त्या दिवसांपुरती मोठी गाडी भाड्याने घेणं परवडतं. समजा भाडं किलोमीटरला 18 रुपये आहे. वडोदरा-मुंबई जाऊन-येऊन साधारण 850 किलोमीटर होतात, म्हणजे एका फेरीचे 15,300 रुपये. अशा दोन फेऱ्या केल्या तरी वर्षाचे तीस हजार. चालकाचा भत्ता आणि टोल वेगळा धरला, तरी मोठ्या गाडीची जास्तीची किंमत, विमा आणि इंधन यांपुढे हा खर्च बहुतेक घरांना हलकाच पडेल.

ज्या घरात रोजच सहा माणसं निघतात, त्यांचा प्रश्न वेगळा. आणि ज्यांच्याकडे मागे फक्त दहा वर्षांखालची मुलं बसणार आहेत, त्यांचा आणखी वेगळा. पुढचं सगळं या तीन घरांना निरनिराळं लागू पडतं.

२. हालोलच्या रस्त्यावरचा इतिहास

वडोदरेकरांना तीन रांगांची गाडी परकी नाही. शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर असलेल्या हालोलच्या कारखान्यात जनरल मोटर्स ‘शेवरोले टवेरा’ बनवत असे. 2004 साली आलेली ही गाडी टॅक्सीवाल्यांची आणि मोठ्या कुटुंबांची होती. 2017 मध्ये जनरल मोटर्सने हालोलचं उत्पादन थांबवलं, कारखाना चीनच्या ‘सैक’ कंपनीने घेतला, आणि 2019 मध्ये तिथूनच ‘एमजी हेक्टर’ बाहेर पडली. वर्षभराने तिचीच तीन रांगांची ‘हेक्टर प्लस’ आली. टवेरा ते हेक्टर प्लस या प्रवासात तीन रांगांची गाडी प्रवासी वाहतुकीच्या वाहनातून घरच्या मिरवण्याच्या गाडीत बदलली, आणि या बदलात मागच्या रांगेचं नुकसानच झालं.

त्याचं कारण जुन्या गाड्यांत दिसतं. 1994 ची टाटा सुमो (टेल्कोचे सुमंत मूळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून हे नाव पडलं) माणसं वाहण्यासाठीच बनली होती. मागे समोरासमोर दोन आडवी बाकं, आराम कमी पण जागा भरपूर. 2000 साली टोयोटाची क्वालिस आली आणि 2005 मध्ये तिची जागा इनोव्हाने घेतली. पुढे तोंड करून बसायची, डोकं टेकायला आधार असलेली तिसरी रांग भारतीय कुटुंबांच्या अंगवळणी पडली ती इनोव्हामुळे. नंतर एसयूव्हीची लाट आली. खरेदीदाराला उंच बॉनेट आणि रुंद चाकं हवी होती, म्हणून कंपन्यांनी पाच आसनी एसयूव्हीच्या डिकीत दोन आसनं बसवली. टाटा हॅरियर आणि सफारी यांचं हेच नातं आहे. सफारी हॅरियरपेक्षा जेमतेम सहा-साडेसहा सेंटिमीटर लांब आहे. ह्युंदाईने अल्काझार करताना मात्र क्रेटाची पुढची-मागची चाकं एकमेकांपासून 15 सेंटिमीटर दूर नेली.

सामान ठेवायच्या जागेत बसवलेली आसनं आणि माणसांसाठी आखलेली आसनं यांतला फरक ओळखता आला की निम्मं काम झालं.

३. लांबी कुठे जाते?

पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे व्हीलबेस. माणसांचे पाय मुख्यतः या अंतरात मावतात. त्यापुढे बंपर आणि इंजिन, त्यामागे डिकी. गाडी बाहेरून किती लांब आहे यापेक्षा त्या लांबीतली किती व्हीलबेसमध्ये आली, हे पाहायचं.

मारुती अर्टिगा साधारण 4.4 मीटर लांब आहे, टाटा सफारी 4,668 मिलिमीटर. सफारी सुमारे पाव मीटरने जास्त लांब. पण व्हीलबेस अर्टिगाचा 2,740 आणि सफारीचा 2,741 मिलिमीटर, म्हणजे फरक एका मिलिमीटरचा. रस्त्यावर दिसणारी सफारीची भारदस्त लांबी-रुंदी गुडघ्यांच्या वाट्याला फारशी येत नाही. किआ कॅरेन्सचा व्हीलबेस 2,780, महिंद्रा एक्सयूव्ही 700 चा 2,750, इनोव्हा हायक्रॉसचा 2,850 मिलिमीटर.

दुसरी गोष्ट जमिनीची. स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर, जुनी इनोव्हा क्रिस्टा या गाड्या ‘लॅडर फ्रेम’वर उभ्या आहेत. खाली दोन लांब पोलादी तुळया, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, आणि या सांगाड्यावर वेगळी बसवलेली बॉडी. खडबडीत रस्त्याला आणि वजन ओढायला ही रचना उत्तम. पण त्या तुळयांमुळे आतली जमीन उंच होते. जमीन उंच आणि छत ठरलेलं, म्हणून मागचं आसन जमिनीला चिकटवावं लागतं आणि बसणाऱ्याचे गुडघे छातीकडे येतात. हायक्रॉस, कॅरेन्स, अर्टिगा, एक्सयूव्ही 700, सफारी यांत वेगळा सांगाडा नाही. बॉडी हीच रचना. याला ‘मोनोकॉक’ म्हणतात. त्यातही गाडी मुळात माणसांसाठी आखलेली असली, तर जमीन खाली ठेवता येते आणि मांड्यांना आधार मिळतो.

ही गोष्ट तपासायला टेप लागत नाही. तिसऱ्या रांगेत बसल्यावर मांडी आसनाला टेकते की हवेत राहते, एवढं बघावं. हवेत राहिली तर भरूच येईपर्यंत कंबर बोलू लागेल.

तिसरी गोष्ट हादऱ्यांची. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसलेल्या माणसाला ही समजावून सांगावी लागत नाही. तीन रांगांच्या गाडीतही शेवटची रांग मागच्या चाकांच्या वर किंवा किंचित मागे असते. चाक उडालं की तोच माणूस उडतो, वळणावर सर्वांत जास्त तोच फेकला जातो. नाशिकला जाताना सापुताऱ्याच्या घाटात मुलांना उलट्या होतात त्या बहुधा याच रांगेत. खिडकी लहान, बाहेरचं क्षितिज दिसत नाही, काच उघडत नाही.

४. आत शिरायची वाट

सत्तरीच्या आजी तिसऱ्या रांगेत बसणार नाहीत, हे गृहीत धरून बहुतेक घरं गाडी घेतात. मग ऐन वेळी दुसऱ्या रांगेत आजी-आजोबा आणि आत्या बसतात, आणि पंचेचाळिशीच्या बापाला मागे वाकून जावं लागतं. म्हणून शिरण्याची वाट मोठ्या माणसानेच करून बघावी.

दोन पद्धती आहेत. सात आसनी गाडीत दुसऱ्या रांगेचं बाक दुमडून पुढे उलटतं आणि बाजूने शिरावं लागतं. कॅरेन्समध्ये हे एका बटणावर होतं. काही गाड्यांत खटका ओढून जोर लावावा लागतो. सहा आसनी गाडीत दुसऱ्या रांगेत दोन सुटी ‘कॅप्टन’ आसनं असतात आणि काही गाड्यांत त्यांच्यामधून मागे जाता येतं. आजोबांना सुटं आसन आवडतं, हातही टेकता येतो. पण त्या मोबदल्यात सातवी जागा जाते. आत्यांना स्टेशनवरून रिक्षाने यावं लागेल.

लहान मूल असेल तर आणखी एक मुद्दा आहे, जो शोरूममध्ये क्वचितच सांगितला जातो. बाळाचं सुरक्षा-आसन अडकवायचे आयसोफिक्स हूक बहुतेक गाड्यांत दुसऱ्या रांगेत असतात. तिथे बाळाचं आसन बसवलं की त्या बाजूचं बाक उलटता येत नाही. मागे जायला एकच बाजू उरते.

वडोदऱ्यात मे महिन्यात पारा 42 अंशांच्या वर जातो, त्यामुळे एसीही मागे बसूनच तपासायला हवा. नुसती जाळी आहे की मागच्या रांगेला स्वतंत्र पंखा आणि त्याचं बटण आहे? दुपारी दोन वाजता उन्हात तापलेली गाडी सुरू करून मागे बसावं आणि गार व्हायला किती मिनिटं लागतात ते घड्याळात बघावं.

५. सात माणसं, की सात माणसांचं सामान?

डिकीची जागा लिटरमध्ये मोजतात. जाहिरातीत बहुधा तिसरी रांग दुमडून मिळालेला मोठा आकडा छापतात. खरेदीदाराने विचारायचा तो तिन्ही रांगा उभ्या असतानाचा.

असे काही आकडे: इनोव्हा हायक्रॉस 300 लिटर, किआ कॅरेन्स 216, मारुती अर्टिगा 209, ह्युंदाई अल्काझार 180, एमजी हेक्टर प्लस 155, रेनो ट्रायबर 84. टाटा सफारी 2021 मध्ये नव्याने आली तेव्हा हा आकडा 73 होता. मध्यम ट्रॉली बॅग 65 लिटरची धरली, तर हायक्रॉसमध्ये कागदावर चार बॅगा मावतात, अर्टिगात तीन, सफारीत एक. सात माणसांचं तीन दिवसांचं सामान एका बॅगेत मावत नाही. उरलेलं टपावर जातं. टपावर सामान चढलं की गाडीचा तोल वर सरकतो आणि इंधनही जास्त जळतं.

सीएनजी घेणाऱ्यांनी इथे थांबावं. अर्टिगाची कारखान्यातून बसवून येणारी सीएनजी आवृत्ती किलोला 26.11 किलोमीटर देते असं कंपनी सांगते, आणि रोजच्या धावपळीला ती फार स्वस्त पडते. पण टाकी डिकीतच बसते. सात माणसं आणि सीएनजी असा बेत असेल, तर सामानाला टपाशिवाय जागा नाही.

वजनाचाही हिशेब करावा. गाडीचं कमाल भारित वजन उणे रिकाम्या गाडीचं वजन, एवढाच भार तिने वाहायचा असतो. सात माणसांचे सरासरी 65 किलोने 455 किलो आणि सामानाचे 80, म्हणजे 535 किलो. हा आकडा शोरूमच्या तपशिलाशी ताडून पाहावा. भरल्या गाडीला टायरमध्ये हवाही जास्त लागते. किती, ते चालकाच्या दारापाशी लावलेल्या पट्टीवर लिहिलेलं असतं.

६. ताऱ्यांत काय असतं, काय नसतं

1 ऑक्टोबर 2023 पासून भारतात ‘भारत एनकॅप’ ही गाड्या आदळवून पाहण्याची योजना सुरू आहे. ताशी 64 किलोमीटर वेगाने समोरून, 50 ने बाजूने आणि 29 ने खांबावर बाजूने गाडी आदळवतात आणि आतल्या पुतळ्यांना काय इजा झाली ते मोजून तारे देतात. त्याआधी ‘ग्लोबल एनकॅप’ अशाच चाचण्या घेत असे. प्रौढांच्या सुरक्षेसाठी एक्सयूव्ही 700 ला 2021 मध्ये, स्कॉर्पिओ-एनला 2022 मध्ये आणि सफारीला 2023 मध्ये तिथे पाच तारे मिळाले. कॅरेन्सला 2022 मध्ये तीन. हे तारे महत्त्वाचे आहेत आणि त्यांच्याकडे काणाडोळा करून गाडी घेऊ नये.

पण पुतळे बसतात कुठे? दोन प्रौढ पुतळे पुढे, दोन मुलांचे पुतळे दुसऱ्या रांगेत. तिसऱ्या रांगेत कुणी नसतं. मागून ट्रक आदळला तर काय होईल, याची चाचणी या ताऱ्यांत नाही. जिथे शेवटच्या माणसाचं डोकं मागच्या काचेपासून वीतभर अंतरावर असतं, तिथली माहिती खरेदीदाराला स्वतःच मिळवावी लागते. पडदा एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत पोचते का? प्रत्येक आसनाला खांद्यावरून येणारा तीन टोकांचा पट्टा आहे का? डोक्यामागचा आधार उंच होतो का? काही गाड्यांत अजून मागे आडवी, एकमेकांकडे तोंड केलेली आसनं मिळतात. कुटुंबासाठी ती घेऊ नयेत.

वडोदऱ्याहून मुंबईला जाणाऱ्या महामार्गावर पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीचा पूल आहे. 4 सप्टेंबर 2022 रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री उदवाड्याहून परतताना या पुलावर गाडी आदळून गेले. ते मागच्या आसनावर होते आणि पट्टा लावलेला नव्हता, असं तपासात पुढे आलं. गाडी महागडी होती, एअरबॅग होत्या. मागच्या प्रवाशाने पट्टा लावणं कायद्याने आधीपासूनच बंधनकारक होतं. तीन रांगांच्या गाडीत ‘मागचे’ म्हणजे पाच माणसं. पट्ट्याची खाच आसनाच्या फटीत रुतलेली असेल, तर मुलं पट्टा लावणार नाहीत. खाच हाताला सहज लागते का, हे बघायला एक मिनिट पुरतं.

७. पेट्रोल, डिझेल, हायब्रिड

पेट्रोल 95 आणि डिझेल 90 रुपये लिटर धरू. टर्बो पेट्रोल मोठी गाडी भरलेली असताना लिटरला 10 किलोमीटर देते आणि डिझेल 13, असंही धरू. वर्षाला 12,000 किलोमीटर चालवली तर पेट्रोलचे 1,14,000 रुपये आणि डिझेलचे सुमारे 83,000. वर्षाला 31,000 वाचले. डिझेल गाडी लाखाने महाग असेल तर तीन-सव्वातीन वर्षांत पैसे वसूल. तीच गाडी वर्षाला 5,000 किलोमीटरच चालली, तर वसुलीला जवळपास आठ वर्षं लागतील.

शिवाय एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत धुरातली काजळी पकडणारा ‘डीपीएफ’ फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळायला तो चांगला तापावा लागतो आणि त्यासाठी गाडी सलग, वेगात पळावी लागते. रोज अलकापुरी ते फतेहगंज एवढंच जाणाऱ्या गाडीत तो तापत नाही, तुंबतो. शहरातच फिरणाऱ्याने डिझेल घेऊ नये.

हायक्रॉसच्या हायब्रिडमध्ये ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत साठते आणि कमी वेगात मोटर गाडी ओढते. म्हणूनच सिग्नलच्या गर्दीत ती सर्वांत काटकसरी ठरते. कंपनीचा दावा लिटरला 23.24 किलोमीटरचा, रोजच्या वापरात त्याहून कमीच धरावं.

८. कराची गणितं

22 सप्टेंबर 2025 पासून गाड्यांवरचा जीएसटी बदलला. चार मीटरच्या आतल्या, 1,200 सीसीपर्यंत पेट्रोल किंवा 1,500 सीसीपर्यंत डिझेल इंजिनाच्या गाड्यांना 18 टक्के, त्यांहून मोठ्यांना 40 टक्के. पूर्वी मोठ्या एसयूव्हीवर उपकरासह 50 टक्के लागत. तीन रांगा असूनही चार मीटरच्या आत राहिलेली ट्रायबर 18 टक्क्यांत बसते. अर्टिगा 40 टक्क्यांत. विजेवरच्या गाडीला 5 टक्केच, आणि कॅरेन्स क्लॅव्हिस ईव्हीसारखी तीन रांगांची विजेची गाडीही आता मिळते.

पुण्याच्या नातेवाइकाने सांगितलेली ऑन-रोड किंमत वडोदऱ्याला लागू होत नाही. गुजरातमध्ये खासगी गाडीचा एकरकमी वाहन कर सुमारे 6 टक्के आहे, तर महाराष्ट्रात 10 ते 20 लाखांच्या डिझेल गाडीला 14 टक्के. अठरा लाखांच्या गाडीवर हा फरक जवळपास 1,44,000 रुपयांचा होतो. म्हणून कुणी वडोदऱ्यात नोंदवून गाडी पुण्याला ठेवायचा विचार करतं. पण बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीची तिथे नव्याने नोंदणी करावी लागते आणि तिथला करही भरावा लागतो.

९. चाचणी सगळ्यांनी मिळून

शोरूमची टेस्ट ड्राइव्ह बहुधा एकटा चालक करतो, रिकाम्या गाडीत, रुंद रस्त्यावर. त्यातून तीन रांगांबद्दल काहीच कळत नाही. सगळ्या कुटुंबाने जावं, सगळ्यांनी बसावं आणि जागा बदलून पुन्हा बसावं. एक फेरी मांडवीच्या किंवा दांडिया बाजारच्या गर्दीत: 1,922 मिलिमीटर रुंदीची सफारी तिथे कशी वळते ते कळेल. घरच्या फाटकाची रुंदीही आदल्या दिवशी मोजून ठेवावी, आरसे उघडे धरून.

इनोव्हा, अर्टिगा, कॅरेन्स या गाड्या टॅक्सी म्हणून सहज मिळतात. एक दिवस तीच गाडी भाड्याने घेऊन सगळ्यांनी पावागढला जावं. हालोलपर्यंत सरळ रस्ता आहे आणि पायथ्यापासून माचीपर्यंत चढ आणि वळणं. भरली गाडी चढावर धापा टाकते का, मागच्यांना मळमळतं का, परतताना एसी पुरतो का, हे एका दिवसात कळतं. काही हजारांचा हा खर्च वीस लाखांच्या निर्णयापुढे काहीच नाही.

या सगळ्यानंतर निवड फार अवघड राहत नाही. रोज सहा-सात मोठी माणसं निघणार असतील, तर एसयूव्हीचा मोह सोडून इनोव्हा हायक्रॉस घ्यावी. तेवढं बजेट नसेल तर कॅरेन्स किंवा अर्टिगा, मात्र एअरबॅग आणि ताऱ्यांची चौकशी करूनच. चार मोठी आणि मागे दोन लहान मुलं असतील, लांबचे प्रवास जास्त असतील, तर सफारी किंवा एक्सयूव्ही 700 समाधान देईल, फक्त सामान बेताचं घ्यावं लागेल. मुलं चौदा-पंधरा वर्षांची असतील, तर त्यांना मागे अर्धा तास बसवल्याशिवाय बुकिंगची रक्कम भरू नये. आणि वर्षातून दहाच दिवस सातवं माणूस येणार असेल, तर चांगली पाच आसनी गाडी घ्यावी आणि वाचलेल्या पैशांतून पहिल्या वर्षी सगळ्यांनी भाड्याच्या इनोव्हाने कोल्हापूरला जाऊन यावं.